रक्तात न उतरलेलं औषध

८ ऑगस्ट २०२४, आमगाव

बाबांनी आज सकाळी मोरीत थुंकलं आणि लगेच वरून तांब्याभर पाणी ओतलं. मी दात घासत मागेच उभी होते. पाणी गुलाबी होऊन वाहून गेलं.

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "खर्रा खाल्ला होता, बाई. सुपारीचा रंग आहे तो."

बाबांनी खर्रा टीबी झाला तेव्हाच सोडला. ते मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. ते डबा घेऊन राईस मिलला गेले, मी कॉलेजसाठी गोंदियाची गाडी पकडली. गाडीत बसल्यावर वाटलं, आईला सांगितलं तर ती उद्याच त्यांना ओढत दवाखान्यात नेईल. म्हणून संध्याकाळी आल्याबरोबर आईला सांगितलं.

१३ ऑगस्ट

थुंकीत टीबीचे जंतू नाहीत! गोंदियाच्या दवाखान्यात ऐकलं तेव्हा आईने तिथेच भिंतीला डोकं टेकलं. घरी आल्यावर बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि बाबांना म्हणाली, "आता मिलमधी मास्क बांधत जा. नाही तर मी मालकाच्या घरी जाऊन भांडीन."

एक्स-रेमध्ये मात्र जुन्या टीबीच्या जागेवर काहीतरी गोल दिसतंय. नागपूरला दाखवा म्हणाले. गोल म्हणजे काय, हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणून सगळं कळतं असं घरच्यांना वाटतं. मला काहीच कळत नाही.

२३ ऑगस्ट

नागपूरहून आत्ताच आलो. पाय दुखतात, पण लिहून ठेवते.

डॉक्टर तरुण आहेत, घाईत होते, पण त्यांनी स्कॅन दाखवून नीट सांगितलं. टीबी बरा झाला, पण जाताना फुफ्फुसात खळगा ठेवून गेला. त्या खळग्यात बुरशी वाढली, तिचा गोळा झाला. तो गोळा आतल्या नसा खरवडतो, म्हणून रक्त.

"काम काय करता?"

"राईस मिलमधी आहो जी. धानाचे पोते फोडून खड्ड्यात ओततो."

डॉक्टरांनी मान हलवली. त्या धुळीतच बुरशी असते म्हणे. निरोगी माणसाला काही होत नाही, खळगा असलेल्याला होतं. ऑपरेशन बाबांचं फुफ्फुस सोसणार नाही. कॅप्सूल घ्यायच्या, सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत, निदान सहा महिने.

"दुसरं कोणतं औषध चालू आहे?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

"नाही जी. कोणतंच नाही," बाबा म्हणाले. मीही नाही म्हटलं.

परतीच्या गाडीत बाबांनी डोळे मिटून घेतले. तिरोड्याच्या पुढे त्यांना जळजळायला लागलं, तेव्हा खिशातून गॅसची गोळी काढून बिनपाण्याचीच गिळली. टीबीच्या औषधांनी पोट जे बिघडलं ते बिघडलंच. तेव्हापासून ही गोळी आमच्या घरात चहा-साखरेसारखी असते, रोज उठल्याबरोबर एक.

१ सप्टेंबर

कॅप्सूल घेतली की बाबांच्या छातीत आग होते. परवा तर म्हणाले, "खोकल्यानं नाही मरत मी, ह्या आगीनं मरीन."

मी स्टेशनजवळच्या मेडिकलमधून गॅसचं पातळ औषध आणलं. मेडिकलवाला म्हणाला, "खाने के पहले दो चम्मच पिला दो, पेट ठंडा रहेगा." मी आईला नीट समजावून दिलं: सकाळी उठल्यावर गोळी, जेवणाच्या आधी दोन चमचे हे, मग जेवण आणि त्याच्यासोबत कॅप्सूल. आईने हे काम आपल्या अंगावर घेतलं आहे. शाळेत पोषण आहार शिजवून आली की आधी हात धुते, मग चमचा. बाबा लहान पोरासारखं तोंड उघडतात. मला हसू आलं.

आज जळजळ नाही. माझ्या शिक्षणाचा घराला पहिल्यांदा उपयोग झाला.

१९ सप्टेंबर

आज प्रॅक्टिकल फार छान झालं. 

काचेच्या दोन भांड्यांत एकच गोळी टाकायची. एकात पोटातल्यासारखं आम्ल, दुसऱ्यात आम्ल नसलेलं पाणी. दोन्हीकडे अंगाइतकी ऊब, दोन्हीकडे पंखा सारखाच फिरतो. आम्लातली गोळी बघता बघता गेली. दुसऱ्या भांड्यातली तळाशी चुरा होऊन पडली, विरघळली म्हणून नाहीच. सरांनी विचारलं, काऊन? असं का? (सर मूळचे भंडाऱ्याचे, रंगात आले की असेच बोलतात.) मी हात वर केला. म्हटलं, हे औषध वीक बेस आहे, आम्ल मिळालं तरच त्याचा क्षार बनतो आणि तो पाण्यात विरघळतो. कण बारीक करा, गरम करा, ढवळा, थोडाफार फरक पडेल, पण आम्ल नसेल तर काही खरं नाही.

"शाब्बास, रंजिता. आणि जे विरघळलं नाही ते?"

"ते रक्तात जात नाही, सर. पोटातून तसंच बाहेर."

सगळ्यांसमोर शाब्बास म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या मंजूने मला कोपर मारलं. मग तिनेच विचारलं, सर, पण एखाद्याच्या पोटात आम्लच कमी असलं तर? सर म्हणाले, हा चांगला प्रश्न आहे, आणि फळ्याकडे वळले. मला थांबता आलं नाही. बाबांचं गॅसचं औषध संपलं होतं, मेडिकलमध्ये जाऊन मग गाडी पकडायची होती.

१२ ऑक्टोबर

दसरा. दरवर्षी बाबा दीक्षाभूमीवर जातात. या वर्षी त्यांनी पांढरा सदरा घातला, पायात चप्पल घातली आणि ओट्यावर बसून राहिले. बाजूचे केशोराव काका बोलवायला आले. ते आणि बाबा एकाच मिलमध्ये, टीबीही दोघांना एकाच वर्षी झाला, गोळ्या घ्यायला सोबतच जायचे.

"चाल ना यादोराव, जागा धरून ठेवतो तुह्यासाठी."

"तू जा. माह्याकडून वंदन करजो."

काका गेल्यावर बाबांनी सदरा काढला. बरगड्या मोजता येतात. औषधाला दोन महिने होत आले, मग वजन का कमी होतंय? रक्त कालही पडलं. मी आईला म्हटलं, बुरशीची औषधं हळूहळूच लागू पडतात. असं कुठे वाचलंय ते मला आठवत नाही. बहुतेक कुठेच नाही.

२८ ऑक्टोबर

नागपूर. गोळा मोठा झाला आहे.

डॉक्टर बराच वेळ दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून पाहत होते. मग रक्तात औषध किती पोहोचलं आहे ते तपासायला रक्त घेतलं. रिपोर्ट फोनवर सांगणार.

६ नोव्हेंबर

सकाळी डॉक्टरांचा फोन आला. आवाज नीट येत नव्हता म्हणून मी स्पीकरवर टाकला. तसं करायला नको होतं.

"रक्तात औषध जवळपास नाहीच. मला खरं सांगा, कॅप्सूल घरी नियमित दिली जाते का?"

मी म्हटलं, हो सर, रोज, दोन्ही वेळ.

"कोण देतं?"

"आई."

"त्यांना नीट विचारा. रिपोर्ट काही वेगळंच सांगतो आहे."

आई चुलीजवळ उभी होती. तिने सगळं ऐकलं. फोन ठेवल्यावर ती बाबांकडे पाहून म्हणाली, "मी देत नाही का जी? माह्या हातानं देत नाही का?" बाबांना तेव्हाच खोकल्याची उबळ आली. आई वाट पाहत उभी राहिली आणि मग शाळेत निघून गेली.

७ नोव्हेंबर

कळलं.

संध्याकाळी आई चमचा भरत होती. मी समोर परीक्षेचं पुस्तक घेऊन बसले होते, औषध विरघळण्याचंच प्रकरण. आईने तो चमचा बाबांच्या तोंडात घातला, मग ताट वाढलं, मग कॅप्सूल दिली. आणि मला प्रॅक्टिकलची ती काचेची दोन भांडी दिसली.

पुस्तकात यादी आहे. आम्लावाचून न विरघळणाऱ्या औषधांत बाबांच्या औषधाचं नाव दुसरं आहे. पान मी पूर्वी वाचलेलं आहे, त्याखाली माझीच पेन्सिलीची रेघ आहे.

सकाळी गोळी, जेवणाआधी चमचा. आम्ही रोज बाबांच्या पोटातलं आम्ल मारत होतो आणि मग त्यात ते औषध टाकत होतो.

८ नोव्हेंबर

कॉलेजला गेले नाही. स्टेशनवरून डॉक्टरांना फोन केला. गॅसची गोळी आणि ते पातळ औषध, दोन्ही सांगितलं. ते म्हणाले, "मी विचारलं होतं." मी म्हटलं, हो, तुम्ही विचारलं होतं. ते म्हणाले, मीच नाव घेऊन विचारायला हवं होतं. लगेच बंद करा, दोन्ही. कॅप्सूल भरपेट जेवणासोबत, वरून काहीतरी आंबट, लिंबू किंवा कोला. पंधरा दिवसांनी परत रक्त तपासू.

मग मिलवर गेले. बाबांना मालकाने आता पोती सोडून फाटकाजवळ बसायचं काम दिलं आहे. मी सगळं सांगितलं. विरघळणं, आम्ल, सगळं. रडत सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

"म्हंजे अडीच महिने ते औषध नुसतंच आलं आन् गेलं?"

"हो, बाबा. माझ्यामुळे. मी आणलं ते औषध."

"मी तर तुह्या आणायच्या आधीपासून गोळी खाऊन रायलो. डॉक्टरनं विचारलं तं नाही मनलो." मग म्हणाले, "तुह्या आईले सांगू नको."

"का?"

"तू शिकलेली आहेस, तू सोसशील. तिनं आपल्या हातानं देल्लं सारं. ती ह्यातून निघत नाही."

"मग तिला सांगायचं काय?"

"मी पाहून घेतो."

मला हे पटलेलं नाही. पण मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होते?

१५ नोव्हेंबर

बाबांनी पाहून घेतलं ते असं: पहिल्याच दिवशी आई चमचा घेऊन आली तेव्हा त्यांनी हात आडवा केला. "नको. आजपासून माहं औषध मी आपलं घेईन." आई म्हणाली, "काऊन?" ते म्हणाले, "काही नाही. घेईन मी." कॅप्सूलचं पाकीटही त्यांनी आपल्या उशाखाली ठेवलं आहे.

जळजळ पुन्हा सुरू झाली. जेवल्यावर पोटाशी पाय घेऊन पडतात. आई दारातून पाहते, एकदा म्हणाली, "त्रास होते तं घ्या ना जी दोन चमचे." ते भिंतीकडे वळले. मी लिंबू पिळून देते, ते मुकाट पितात.

आई अलीकडे जेवायला आमच्यासोबत बसत नाही. शाळेतूनही उशिरा येते. थकत असेल. डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन आहे, त्याचं काम वाढलं असेल.

२७ नोव्हेंबर

औषध रक्तात उतरलं! डॉक्टर म्हणाले, पाहिजे तेवढं आहे. मी गाडीत सगळ्यांसमोर रडले. एका बाईने विचारलं, बेटी, क्या हुआ? मी म्हटलं, कुछ नहीं, पास हो गई.

आईला इतकंच सांगितलं की रिपोर्ट चांगला आला. मला वाटलं ती आनंदेल. ती भांडी घासत होती, वर न पाहता म्हणाली, "आता आपल्या हातानं घेतात ना, मनून." मला तिचा राग आला. एवढी चांगली बातमी आणि असं तिरकं बोलायचं!

४ डिसेंबर

बाबा आता मिलला जात नाहीत. परीक्षेच्या सुट्टीत मी घरीच असते, दुपारी त्यांना ओट्यावर उन्हात बसवते. रक्त पडणं कमी झालं नाही. डॉक्टर म्हणतात, गोळा मोठा आहे, वेळ लागेल, आणि वेळ तर आपण घालवला. "आपण" म्हणाले, तो त्यांचा चांगुलपणा.

आईने काल बाबांचं अंथरूण पुढच्या खोलीत घातलं, हवा चांगली येते म्हणून. स्वतः मागच्या खोलीत झोपते. पहाटे उठावं लागतं, त्यांची झोप मोडते, असं म्हणाली.

१९ डिसेंबर

बाबा गेले. अकरा तारखेला सकाळी.

लिहायला आज बसले, पण काय लिहायचं कळत नाही. ओट्यावर उन्हात बसले होते. खोकला आला. मला वाटलं नेहमीचाच. मग तोंडातून रक्त यायला लागलं ते थांबेना. मी टॉवेल धरला, तो भिजला, दुसरा धरला. केशोराव काका धावत टेम्पो आणायला गेले. बाबांनी माझा हात धरला होता आणि दाराकडे पाहत होते. आई नळावर होती. कुणीतरी ओरडून सांगितल्यावर पाण्याची गुंडी तिथेच टाकून धावत आली. तोपर्यंत त्यांचा हात सैल झाला होता.

आई रडली नाही. भंतेजींनी वंदना म्हटली तेव्हाही नाही. बाया म्हणाल्या, तिला रडवा कोणीतरी. ती नुसती ज्या ओट्यावर रक्त पडलं होतं तिकडे पाहत होती. नंतर एकटीनेच तो धुतला.

माझे दोन पेपर बुडाले. एक दिला. पहिलाच प्रश्न विद्राव्यतेवर परिणाम करणारे घटक. मी कोरं पान देऊन उठले.

२६ जानेवारी २०२५

केशोराव काकांच्या मागे लागून लागून त्यांचा एक्स-रे काढायला लावला. टीबी झालेला, तीच मिल, तीच धूळ. खोकला होता, पण लपवत होते. त्यांच्याही फुफ्फुसात तेच निघालं. गोळा अजून लहान आहे. नागपूरच्या त्याच डॉक्टरांनी त्याच कॅप्सूल दिल्या.

मला वाईट वाटायला हवं होतं. बरं वाटलं. वेळेत सापडलं म्हणून. मग पुन्हा वाईट वाटलं.

९ फेब्रुवारी

आज जे झालं ते झालं त्याच क्रमाने लिहिते.

रविवार होता. केशोराव काका सकाळी आले, ओट्यावर बसले. आईने चहा दिला. काका छाती चोळत म्हणाले, "वहिनी, हे कॅप्सूल आतून जाळून रायली. यादोरावले पण असंच होत होतं का जी?"

"होत होतं," आई म्हणाली. "मी जेवणाआधी गॅसचं औषध देत होती दोन चमचे. त्यानं थंड वाटे. तुमी पण घ्या ना, मेडिकलमधी भेटते."

किती मायेने बोलली! एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा कुणाशी इतकं बोलत होती.

मी आतून ऐकत होते. डॉक्टरांनी काकांना सांगितलं असेल, मी मनाशी म्हटलं. मग वाटलं, नसेल तर? आई शाळेत गेल्यावर काकांना गाठून हळूच सांगता आलं असतं, पण आज रविवार. काका तर उठून मेडिकलकडेच निघाले होते. बाबांना दिलेला शब्द आठवला. मी बाहेर आले.

"काका, ते घेऊ नका. कोणतंच गॅसचं औषध घेऊ नका. या कॅप्सूलला पोटातलं आम्ल लागतं. त्याशिवाय ती विरघळत नाही, नुसती बाहेर जाते."

काकांनी आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग खाली पाहिलं. त्यांना समजलं. चपला घालताना म्हणाले, "नाही घेत, बाई. येतो मी."

आई कपबशी हातात घेऊन तशीच उभी होती.

"मनून रक्तात औषध नव्हतं?" तिने विचारलं.

"हो."

"मी देल्लं मनून?"

"मी आणलं, आई. मीच सांगितलं तुला कसं द्यायचं ते. बाबा तर आधीपासूनच गोळी..."

"त्याहीले माहीत झालं होतं?"

"हो. मी सांगितलं. त्यांनीच म्हटलं, तुला कळू द्यायचं नाही. तू सोसणार नाहीस म्हणून."

ती खाली बसली. मग जे बोलली ते मला आयुष्यभर ऐकू येणार आहे.

"मले वाटलं, त्या डॉक्टरचं बोलणं त्याहीनं खरं मानलं. मी औषध देतच नव्हती असं वाटलं त्याहीले. मनून माह्या हातचं नको झालं." श्वास घ्यायला थांबली. "मी बोलली नाही त्याहीच्याशी, रंजिता. महिनाभर. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहे, आन् मी दारातून परत जात होती. अंथरूण वेगळं केलं मी."

मी तिचा हात धरायला गेले. तिने झटकला.

"तुमी दोघं मिळून मले कायपासून वाचवून रायले होते?"

१० फेब्रुवारी

आई शाळेत गेली, आली. माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी काकांच्या घरी गेली. काकूने नंतर सांगितलं, ते जेवत असताना समोर बसली, कॅप्सूल गिळेपर्यंत हलली नाही, वरून लिंबूपाणी पाजलं, मगच उठली. जाताना काकूला म्हणाली, जळजळ होईल, होऊ द्या.

१३ फेब्रुवारी

दुपारी मी कपडे वाळत घालत होते. आई मागे येऊन उभी राहिली.

"तुह्याशी बोलत होते ना तुहे बाबा? ओट्यावर बसून?"

"हो."

"काय बोलत होते?"

मी म्हटलं, असंच, काहीबाही.

"सांग. सारं सांग."

ओले कपडे बादलीतच राहिले. आम्ही जमिनीवर बसलो. मी आठवून आठवून सांगितलं, जे इथे लिहिलं नव्हतं तेही. मिलच्या मांजरीला पिल्लं झाली का, हे विचारायचे. नवेगाव बांधच्या तळ्यावर लग्नानंतर गेलो होतो, तेव्हा तुझ्या आईने पाण्यात उतरून माझी टोपी काढली, असं सांगून हसायचे आणि मग खोकायचे. दुपारी रस्त्यावर पोरांचा आवाज आला की विचारायचे, "शाळा सुटली का? पाह्य बरं, तुही आई आली का." मग तू दिसलीस की पोटावरचा हात काढून ताठ बसायचे. तू आत गेलीस की पुन्हा वाकायचे.

आईने पदर तोंडात धरला होता.

"ताठ बसत होते?"

"हो. रोज."

"मले पाहून?"

"हो, आई."

तेव्हा ती रडली. दोन महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्याने, आजूबाजूची दारं उघडली इतकी. मी तशीच बसून राहिले. थांबल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "ते शाळेचं पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.